गणिताचा विद्यार्थी अर्ज लिहितो

मे महिन्यातील एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बी.एस्‌सी.ला तिचा मुख्य विषय गणित. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे पदार्थविज्ञान शिकली होती आणि प्रयोगवहीत दशांशचिन्हानंतर किती आकडे लिहायचे यावरून माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या मोजक्या मुलांपैकी एक होती. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून तिने अडीच पाने काढून टेबलावर ठेवली.

"सर, वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर सोळाला एका कंपनीत अर्ज द्यायचाय. एकदा नजर टाकाल का?"

मी वाचू लागलो. नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, धाकट्या भावाचे शिक्षण. मग 'ध्येय' या मथळ्याखाली एक लांबलचक इंग्रजी वाक्य. ते मी याआधी निदान चाळीस अर्जांत जसेच्या तसे वाचलेले होते. त्यानंतर गुणवर्णन : कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी. छंद : वाचन व संगीत ऐकणे. या अडीच पानांत गणित हा शब्द दोनदाच आला होता. एकदा पदवीच्या नावात आणि एकदा गुणांच्या तक्त्यात.

"हा नोकरीसाठी आहे की स्थळासाठी?" मी विचारले.

ती हसली खरी; पण लगेच गंभीर झाली. तिचे वडील वागळे इस्टेटमधल्याच एका गाळ्यात लेथवर काम करतात. पंचवीस वर्षे झाली. धाकटा भाऊ यंदा अकरावीला जाणार. एका नातेवाइकाने चेकनाक्याजवळच्या एका कार्यालयात तिच्यासाठी आकडे भरण्याची नोकरी जमवून ठेवली होती आणि महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचे होते. "बाबा म्हणतात, तीन वर्षं गणित केलंस, आता त्याच्यावर कुठलं मशीन चालतं ते दाखव. मला काही दाखवता आलं नाही, सर."

आकडे भरण्याची नोकरी वाईट नव्हे. पण ज्या मुलीला आकड्यांमागचे कारण कळते, तिने ते केवळ या चौकटीतून त्या चौकटीत नेऊन ठेवायचे, हे मला बरे वाटेना. आणि वडिलांचा प्रश्न तर अगदी रास्त होता. तुमच्यापैकी ज्यांना गणित आवडते, त्यांना तो आज ना उद्या कोणी ना कोणी विचारणारच आहे. म्हणून त्या दुपारी आम्ही दोघांनी काय केले ते येथे सांगतो.

वागळे इस्टेट आता पाहणाऱ्याला ही वसाहत कशी उभी राहिली याची कल्पना येणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ही ठाण्याची वागळे इस्टेट. किसन नगर, सावरकर नगर, लोकमान्य नगर या भोवतालच्या वस्त्यांतील कितीतरी घरे तेथील भोंग्यावर उठली आणि जेवली. पुढे अनेक कारखाने बंद पडले किंवा दूर गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती व संगणकांची कार्यालये आली. पण गाळे सगळे संपलेले नाहीत. एकाच रस्त्यावर एका बाजूला लेथचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात ओळखपत्र अडकवून चहाला उतरलेली मुले, असे दृश्य तेथे दिसते. गणिताच्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंना काम आहे. मात्र ते काम कोणी दारावर पाटी लावून सांगत नाही.

ठाण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका गणिताच्या विद्यार्थ्याची आठवण करून देतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर ते देवळालीला शाळामास्तर झाले आणि निवृत्तीपर्यंत शाळामास्तरच राहिले. तुम्हांपैकी बहुतेकांना त्यांचा ६१७४ हा अंक ठाऊक असेल. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे मात्र नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. वागळे इस्टेटचा पिनकोड ४००६०४ आहे. त्याचे शेवटचे चार अंक ०६०४ घेऊ.

६४०० – ००४६ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

यापुढे किती वेळा केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येला तेथवर पोहोचायला फार तर सात पायऱ्या लागतात.

कापरेकरांचा दुसरा एक शोध तर आपल्या अंगणातलाच आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्या पाहा. हे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. या जातीच्या संख्यांना त्यांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले. हे डेमलो म्हणजे कोणी गणिती नव्हे. ते जी.आय.पी. रेल्वेवरील एका स्थानकाचे त्या वेळचे नाव. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. तेथे या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना सुचली, म्हणून ते नाव. (नऊ एककांपर्यंत हा डौल टिकतो. दहा एककांचा वर्ग करून पाहा, हातचा कुठे घोटाळा करतो ते दिसेल.)

हे सांगण्याचे कारण निराळे आहे. कापरेकरांपाशी मोठी पदवी नव्हती, विद्यापीठातले पद नव्हते, शिफारस करणारे कोणी वजनदार गृहस्थ नव्हते. आपल्या कामाची लहान लहान पुस्तके ते स्वतः छापून घेत आणि परिषदांना जाऊन ते काम मांडत. पुष्कळांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. त्या वेळी कापरेकर सत्तरीत होते. गार्डनर यांच्यापर्यंत काय पोहोचले? 'कष्टाळू व प्रामाणिक' हे प्रशस्तिपत्र नव्हे. कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील अशा संख्या पोहोचल्या.

मी तिला म्हटले, "तुझ्या अडीच पानांत मला पडताळता येईल असं एक तरी वाक्य दाखव."

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टक्के पडताळता येतील."

"ते विद्यापीठाने मोजले आहेत. तू काय मोजलंस?"

येथे आमची गाडी अडली. तिने विश्लेषण, बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र सगळे केले होते. परीक्षेत उत्तम लिहिलेही होते. पण स्वतः होऊन एखादा प्रश्न घेऊन तो तडीला नेला आहे, असे तिला काही आठवेना. मी चहा ठेवायला उठलो आणि जाता जाता सहज विचारले, "बाबांच्या गाळ्यात काय बनतं?"

"बुश. पितळेचे. पाचशेचा एक लॉट जातो. पण बाबा वैतागलेत हल्ली. तीन लॉट पाठवले की एक परत येतो. माल चांगला असतो, तरी."

चहा राहिला बाजूला. मी खुर्ची ओढून पुन्हा बसलो, कारण 'तीनांत एक' हे शब्द गणिताच्या विद्यार्थ्याने सोडून द्यावेत असे नव्हतेच.

विचारता विचारता हकीकत पुढे आली, ती अशी. माल घेणारा आणि देणारा यांच्यात शंभरात दोन बुश मापाबाहेर असले तरी चालतील असे ठरलेले आहे. गाळ्यातला माल त्याच दर्जाचा निघतो. शंभरात सुमारे दोन खराब. घेणाऱ्याकडचा तपासनीस पाचशेपैकी कोणतेही २० बुश उचलतो आणि गो-नो-गो गेज लावून पाहतो. वीसही चांगले निघाले तर लॉट घेतो. एकही खराब निघाला तर टेम्पो माघारी. ऐकायला हा नियम कडक व न्याय्य वाटतो. आता त्याचे गणित करू.

एक बुश उचलला तर तो चांगला असण्याची संभाव्यता ०.९८. दोन उचलले आणि दोन्ही चांगले, याची संभाव्यता ०.९८ × ०.९८ = ०.९६०४. वीस उचलले आणि वीसही चांगले, याची संभाव्यता म्हणजे ०.९८ चा विसावा घात. वीस वेळा गुणायचे कारण नाही. वर्गाचा वर्ग करीत जा : दुसरा घात ०.९६०४, चौथा ०.९२२४, आठवा ०.८५०८, सोळावा ०.७२३८. सोळाव्याला चौथ्याने गुणले की विसावा मिळाला : ०.६६८.

म्हणजे ठरल्याप्रमाणे अगदी योग्य असलेला लॉटसुद्धा शंभरातून सुमारे ६७ वेळाच घेतला जाईल. उरलेले ३३ माघारी येतील. तीनांत एक!

ती आकड्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे बाबांची चूक नाहीच."

"चूक नियमात आहे. आता घेणाऱ्याच्या बाजूने बघ."

ही सवय मुद्दाम लावून घ्यावी. ज्याच्यावर अन्याय झाला असे आपल्याला वाटते त्याच्याच बाजूने गणित केले तर ते वकीलपत्र होते. समजा, एखाद्या दिवशी यंत्र बिघडले आणि शंभरात १० बुश खराब निघाले. असा लॉट या तपासणीतून सुटून जाण्याची संभाव्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे ०.१२. घेणाऱ्याचे बरे चालले आहे. वाईट माल शंभरात बारा वेळाच त्याच्या गळ्यात पडतो.

मग तिनेच सुचवले की वीसमध्ये एक खराब निघाला तरी लॉट घ्यावा. हेही करून पाहिले. बरोबर एकच खराब निघण्याची संभाव्यता काढताना तो खराब बुश वीसपैकी कोणत्याही स्थानी असू शकतो हे विसरू नका. म्हणून २० × ०.०२ × (०.९८ चा एकोणिसावा घात) = ०.२७. यात आधीचे ०.६७ मिळवले की ०.९४. योग्य लॉट शंभरात ९४ वेळा स्वीकारला जाईल. गाळ्याचे दुःख मिटले. पण दहा टक्के खराब असलेल्या लॉटसाठी हीच बेरीज केली तर ०.३९ येते. शंभर वाईट लॉटपैकी ३९ आत! असा नियम घेणारा कशाला मान्य करील?

दोघांचेही समाधान करायचे तर नमुना मोठा हवा. पन्नास बुश उचलावेत आणि दोनपर्यंत खराब चालवून घ्यावेत, असा नियम तिने त्याच संध्याकाळी घरी जाऊन तपासला आणि मला फोनवर आकडे सांगितले : योग्य लॉट स्वीकारला जाण्याची संभाव्यता ०.९२, दहा टक्के खराब असलेला लॉट सुटून जाण्याची ०.११. घेणाऱ्याचे संरक्षण जवळजवळ पहिल्याइतकेच आणि देणाऱ्याचा लॉट विनाकारण परत येण्याचे प्रमाण ३३ वरून ८ वर. आवाजावरूनच कळत होते की तिने हे आकडे दोनदा तरी करून पाहिले आहेत.

हे शास्त्र आपण काही नव्याने शोधले नव्हते. याला स्वीकृती-नमुना-तपासणी म्हणतात आणि हॅरॉल्ड डॉज व हॅरी रोमिग या अमेरिकन तंत्रज्ञांनी त्याचे तक्ते फार पूर्वी करून ठेवले आहेत. त्यांचा सहकारी वॉल्टर शूहार्ट याची गोष्ट मला, पदार्थविज्ञानाचा माणूस म्हणून, विशेष आवडते. शूहार्टने डॉक्टरेट पदार्थविज्ञानात मिळवली होती आणि तो टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या तपासणी विभागात नोकरीला होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठाला एक टिपण दिले. लांबी सुमारे एक पान. त्यातही एक-तृतीयांश जागा आकृतीने घेतलेली. कारखान्यातील मालाच्या दर्जात होणारा चढउतार स्वाभाविक कोणता आणि काहीतरी बिघडले म्हणून झालेला कोणता, हे त्या आकृतीवरून ओळखता येत होते. आज जगभरच्या कारखान्यांत भिंतीवर जे नियंत्रण-तक्ते टांगलेले दिसतात, त्यांचा उगम त्या एका पानात आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती. तिच्या निमंत्रणावरून हा शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतात येऊन गेला.

तेव्हा आम्ही ठरवले की तिचा अर्जही एक पान आणि त्याला जोडलेला हिशेबही एकच पान.

अर्ज म्हटले की मला नेहमी श्रीनिवास रामानुजन यांचे दोन कागद आठवतात. पहिला ९ फेब्रुवारी १९१२ चा, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी. महाविद्यालयाचे शिक्षण पुरे होऊ शकले नाही हे त्यांनी त्यात लपवले नाही. मधला काळ गणितात घालवला हेही सांगितले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजमधील प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून ते दरमहा तीस रुपयांवर कामाला लागले. दुसरा कागद १६ जानेवारी १९१३ चा, केंब्रिजच्या हार्डींना. आरंभी आपण कोण आहोत, कुठे कारकुनी करतो, पगार किती, हे मोजक्या वाक्यांत; आणि सोबत शंभराहून अधिक सिद्धान्त. केंब्रिजच्याच दोन मोठ्या गणितज्ञांना त्यांनी याआधी लिहिले होते आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. हार्डींनी मात्र सोबतच्या पानांवर रात्र घालवली. पुढे उत्तर लिहिताना त्यांनी काय मागितले, तर सिद्धता. अविभाज्य संख्यांविषयी रामानुजन यांनी केलेले एक विधान तर चुकीचेही निघाले. म्हणजे हार्डींची दारे उघडली ती त्या पत्रातील नम्रतेने नव्हे आणि निर्दोषपणानेही नव्हे.

आता तिच्या एका पानाकडे येऊ. उंची, रक्तगट, भावाचे शिक्षण, जात, धर्म हे सगळे गेले. मालकाला ते विचारण्याचे कारण नाही आणि आपण सांगण्याचे तर मुळीच नाही. 'ध्येय' गेले. ई-मेलचा पत्ता बदलला. बारावीत मैत्रिणींनी ठेवलेले टोपणनाव त्यात होते. नाव, फोन, शिक्षण व गुण चार ओळींत. दुसऱ्या वर्षी एका विषयात ती नापास झाली होती व पुढच्या वेळी सुटली होती. ते लपवावे का, असे तिने विचारले. मी म्हटले, गुणपत्रिका ते मागणारच. तू आधी सांगितलेस तर ती माहिती असते, त्यांनी शोधून काढले तर तो आरोप होतो. 'संगणकाचे उत्तम ज्ञान' हे वाक्य काढून तिला खरोखर काय येते ते लिहिले : स्प्रेडशीट येते, पायथनमध्ये लहान कार्यक्रम लिहिता येतात. 'उत्तम' हा शब्द गणितात नसतो, अर्जातही नसावा. माझे नाव संदर्भासाठी घातले, मात्र तिने मला आधी विचारले. पुष्कळ मुले विचारत नाहीत आणि मग एखाद्या दिवशी अनोळखी माणसाचा फोन येतो तेव्हा कोण हा विद्यार्थी हेच आठवत नाही!

मधोमध एक वाक्य आले. पाचशेच्या लॉटमधून वीस नग तपासण्याच्या पद्धतीत योग्य मालही तीनांतून एकदा का परत येतो, हे मी काढले आहे. हिशेब सोबत जोडला आहे. गाळ्याचे वा घेणाऱ्याचे नाव कुठेही नाही. वडिलांच्या पोटाचा प्रश्न होता आणि दुसऱ्याच्या धंद्यातली माहिती आपण आपल्या अर्जासाठी उघडी करायची नसते.

इंग्रजीची भीती तिला फार होती. शाळा मराठी माध्यमाची. पण हिशेबाचे पान पाहा : अर्ध्याहून अधिक भाग आकड्यांचा आणि एक तक्ता. जोडवाक्ये लागली ती सात-आठ, तीही लहान. ज्याला काही नेमके सांगायचे असते त्याला फार इंग्रजी लागत नाही. लांबलचक वाक्ये लागतात ती सांगण्यासारखे काही नसते तेव्हा. हे मी अनुभवाने बोलतो. एम.एस्‌सी. झाल्यावर मी एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो. अर्जात 'प्रायोगिक पदार्थविज्ञानात विशेष रुची' असे ऐटीत लिहिले होते. समोरच्या वयस्क गृहस्थांनी शांतपणे विचारले, "तुम्ही स्वतःच्या हाताने केलेला एक प्रयोग सांगा आणि त्यात चूक किती टक्के येत होती ते सांगा." प्रयोग सांगितला. चूक किती ते मला सांगता आले नाही. कारण ती मी भागीदाराच्या वहीतून उतरवली होती. त्या खोलीतला पंखा किती जोरात फिरत होता ते मात्र आजही आठवते.

मुलाखत झाली. तिने येऊन सांगितलेला वृत्तान्त असा. पहिली काही मिनिटे नेहमीचेच प्रश्न. मग एका बाईंनी तिचे हिशेबाचे पान उचलले व म्हणाल्या, "तुम्ही वीसही वेळा ०.९८ ने गुणलंय. पण उचललेला बुश परत लॉटमध्ये टाकत नाहीत ना? मग दुसऱ्या वेळी ०.९८ च कसं राहील?"

प्रश्न अचूक होता. पाचशेपैकी ४९० चांगले. पहिला चांगला निघाला की मागे ४९९ त ४८९ राहिले, म्हणजे ०.९८ पेक्षा किंचित कमी. आम्ही दोघांनीही हे लक्षात घेतले नव्हते, आणि यात माझा दोष तिच्याहून मोठा. ती म्हणाली, "बरोबर आहे, मी ते धरलं नाही. उत्तर थोडं कमी येईल. लॉट नमुन्याच्या पंचवीस पट आहे, म्हणून फरक लहान असावा, पण किती ते आत्ता सांगता येणार नाही." त्याच रात्री तिने ४९०/५०० × ४८९/४९९ × ... असे वीस अपूर्णांक गुणून ०.६६२ हे उत्तर काढले आणि सकाळी त्या बाईंना ई-मेलने कळवले. ०.६६८ च्या जागी ०.६६२. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. 'तीनांत एक' तसेच राहिले.

सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून तिला घेतले. पैसे नातेवाइकाने जमवलेल्या नोकरीपेक्षा थोडे कमीच. घरी यावर दोन दिवस बोलणी झाली आणि शेवटी वडीलच हो म्हणाले.

शाळेतल्या मुलांनी एवढे वाचून लगेच अर्ज लिहायला बसू नये. तुमच्याकडे वेळ आहे. एक वही करा आणि आठवड्यातून एकदा तरी घरच्या किंवा रस्त्यावरच्या एखाद्या प्रश्नाचा हिशेब तीत तारीख घालून लिहा. चुकला तर खोडू नका, खाली दुरुस्त करा. शिक्षकांना विनंती की अशा वहीला गुण देऊ नयेत, फक्त वाचावी. पुढच्या वाटांविषयी थोडेसेच सांगतो. विम्याच्या गणितात शिरायचे तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत. त्या लांबतात, धीर हवा. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, पण तिला बसायला पदवीला सांख्यिकी हा एक विषय असावा लागतो किंवा पदव्युत्तर पदवी सांख्यिकीत असावी लागते आणि ही गोष्ट मुलांना तिसऱ्या वर्षी कळते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. शुद्ध गणित करायचे असेल तर भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेशपरीक्षा बारावीनंतरच होतात. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था गणिताची गोडी असलेल्यांनी एकदा पाहून यावी.

आता राहिले ते वडील. पन्नास बुशांचा नियम तिने त्यांना कागदावर आकडे मांडून समजावला. त्यांनी नीट ऐकले, तक्ता दोनदा पाहिला आणि म्हणाले, "एका बुशला गेज लावायला अर्धा मिनिट. वीसला दहा मिनिटं, पन्नासला पंचवीस. दिवसाला दहा लॉट आले तर तपासनिसाचे चार तास गेले. त्याला कोण सांगणार?"

ती कागद घेऊन पुन्हा माझ्याकडे आली. या खेपेस आम्ही दोन टप्प्यांचा नियम करून पाहिला. तो तुम्हीही करून पाहावा.

आधी २० बुश तपासायचे. एकही खराब नसेल तर लॉट घ्यायचा. तीन किंवा अधिक खराब असतील तर परत. एक किंवा दोन खराब असतील तरच आणखी ३० तपासायचे आणि पन्नासात मिळून दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्यायचा. (अ) शंभरात २ खराब असलेला लॉट स्वीकारला जाण्याची संभाव्यता किती? (आ) शंभरात १० खराब असलेल्या लॉटची किती? (इ) पहिल्या प्रकारच्या लॉटमागे सरासरी किती बुश तपासावे लागतील, आणि वडिलांच्या हिशेबाने दहा लॉटना किती वेळ लागेल? लॉट मोठा आहे असे समजून ०.०२ आणि ०.१ हेच आकडे शेवटपर्यंत वापरावेत.

उत्तरे : (अ) ०.९४, (आ) ०.१८, (इ) सुमारे ३० बुश, अडीच तास.